चाळिसावा आठवडा

१

सायन्सची पोरं प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहितात हे साऱ्या लातूरला ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्याचं सोंग त्यांच्या पगारातच धरलेलं होतं. नाणं शंभर वेळा उडवा आणि छापे किती, काटे किती ते मांडा, असं प्रॅक्टिकल आलं तरी नाणं खिशातून बाहेर यायचं नाही. आधी सूत्र लावून अपेक्षित आकडे काढायचे आणि मग त्यांच्या आसपासचे आकडे 'निरीक्षण' म्हणून शेजारच्या रकान्यात उतरवायचे. शहाणी पोरं त्यातही एखादा आकडा मुद्दाम चुकवायची, नाहीतर संशय येतो. सिद्धराम तेवढा शहाणा नव्हता. तो आळशी होता आणि वर टापटिपीचाही होता, त्यामुळे त्याचं सगळं अगदी काट्यावर जुळायचं.

तो शिरूर अनंतपाळचा, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत थोरली बहीण शिवकांता राहायची, तिच्या दोन खोल्यांत याचीही वळकटी होती. भाऊजी, म्हणजे विरूपाक्ष, आडतीच्या कामानं महिन्यातले पंधरा दिवस उदगीरला असायचे. आई लवकर गेली, त्यामुळे सिद्धरामला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या आक्कानंच. तिला लिहावाचायला येत नव्हतं, घड्याळही कळायचं नाही. उन्हावरून आणि गिरणीच्या भोंग्यावरून ती दिवस ओळखायची, पण भावाच्या जर्नलला ब्राऊन पेपरचं कव्हर मात्र तिच्याच हातचं असायचं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि पावसानं नेमकं तेच वर्ष गाठून पाठ फिरवली होती. हुमनाबादे सरांनी नववं प्रॅक्टिकल दिलं ते पॉयसन वाटणीचं, म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट किती वेळा घडेल ते सांगणाऱ्या सूत्राचं. "क्वचित घडणारी गोष्ट घ्या," सर म्हणाले, "पुस्तकातली उतरवायची नाही. नवा जिल्हा झालाय, आपल्या जिल्ह्यातलं काहीतरी आणा. आणि चाळीस आठवडे पाहिजेत. एकोणचाळीस असले तरी सही मिळणार नाही!"

शेजारचे ज्ञानोबाकाका नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून होते. जिल्हा झाला त्या रविवारपासून त्यांच्याकडे एक यादी असायची. पाण्यावरून झालेल्या मारामारीत माणसं किती मेली, आठवड्यागणिक. रविवार ते शनिवार. शनिवारी वही ते घरी आणत आणि सहाच्या भोंग्याला लाल शाईची रेघ मारून आठवडा बंद करत. सिद्धरामनं यादी उतरवून घेतली तेव्हा मार्च लागला होता आणि आठवडे भरले होते तीस. सतरा आठवडे कुणी मेलं नव्हतं, दहांत एकेक आणि तिनांत दोन दोन.

दहा आठवडे कमी होते. ते अजून उजाडायचेच होते. पण सहीची तारीख परवाची, मग पोरानं काय करावं? त्यानं सूत्र लावलं. चाळीस आठवड्यांची वाटणी आली बावीस, तेरा, चार, एक; म्हणजे बावीस आठवडे शून्य, तेरांत एकेक, चारांत दोन दोन आणि एकात तीन. उरलेले दहा आकडे त्यानं त्या हिशेबानं पाडले आणि हाताला येतील तसे मांडले. एक, शून्य, शून्य, दोन, शून्य, एक, शून्य, एक, शून्य. उरलेला तीन ठेवायला जागा एकच राहिली होती, तो त्यानं चाळिसाव्या आठवड्यात टाकला. वर सुवाच्य अक्षरात व्याख्या लिहिली: 'पाण्यावरून, दुसऱ्या माणसाच्या हातून झालेला मृत्यू. आजार, तहान किंवा आत्महत्या धरलेली नाही.'

सरांनी तारखा पाहिल्या नाहीत, बेरीज पाहिली. "फिट काय सुरेख बसलंय!" म्हणाले आणि लाल शाईनं सही ठोकली. त्या रात्री सिद्धराम निवांत झोपला.

२

एकतिसाव्या आठवड्यात एक मेला. पुढच्या दोन आठवड्यांत कुणी मेलं नाही. सिद्धरामनं लक्षही दिलं नाही, सही झालेल्या जर्नलकडे परत कोण बघतो?

चौतिसाव्या आठवड्यात बुधवारी हापशावर एकजण मेला. ज्ञानोबाकाकांनी भिंतीवरून सांगितलं तेव्हा सिद्धरामला आठवलं की आपण या आठवड्यात दोन लिहिले होते. चला, एक आकडा चुकणार, असं म्हणून त्याला उगाचच बरं वाटलं.

शनिवारी आक्कानं त्याला साखर आणायला धाडलं. कोपऱ्यावर शंकरप्पांचं किराणा दुकान होतं. शंकरप्पा म्हणजे कपाळभर विभूती आणि तोंडात अखंड शिवनाम, गल्लीतल्या कुत्र्यालाही हाड म्हणायचे नाहीत. दुकानाबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा एक माठ त्यांनी त्या दुष्काळातही भरून ठेवला होता. श्रीमंत नावाचा हमाल त्या माठातून तांब्या भरून पीत होता. रोजच प्यायचा.

शंकरप्पा साखर जोखत होते. पारडं हललं, स्थिरावलं आणि त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा झाले होते. त्यांनी तागडीतलं साखरेचं कागदी ठोंगं सिद्धरामच्या हातात दिलं, खालचं पाच किलोचं वजन उचललं, पायऱ्या उतरले आणि ते श्रीमंतच्या डोक्यात घातलं.

श्रीमंत गुडघ्यांवर बसला. त्याच्या तोंडातलं पाणी अजून गिळायचं होतं, ते छातीवर सांडलं. शंकरप्पांनी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. नारळ फुटल्यावर येतो तसा आवाज तिसऱ्या घावाला आला. चौथ्याला तो आवाजही नव्हता, नुसता ओला थपका होता. माठ कलंडला आणि पाणी व रक्त एकाच ओहोळानं सिद्धरामच्या चपलेपर्यंत आलं. शंकरप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेला माणूस शेवटची फेरी संपवून येतो तसे ते पायरीवर टेकले.

"आप्पा, काय केलंत हो हे?" कुणीतरी किंचाळलं. "पाणी पीत होता बिचारा!"

"एक कमी पडत होता," शंकरप्पा म्हणाले. आणि मग आपल्या हाताकडे पाहून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

सिद्धराम घरी आला तेव्हा भोंगा झाला. भिंतीपलीकडे काकांच्या टाकाची कुरकुर ऐकू आली. साखरेचं ठोंगं त्याच्या मुठीत भिजून फुटलं होतं.

३

त्यानं गणित मांडलं. घाबरलेल्या माणसानं देव आठवावा, यानं संभाव्यता आठवली. एक, शून्य, शून्य, दोन, असे चारही आकडे ओळीनं जुळायची संभाव्यता निघाली शंभरात एक.

"म्हणजे काय मोठं?" हुमनाबादे सर हसले. सिद्धराम त्यांच्या घरी गेला होता, दारातच उभा होता. "शंभर पोरांनी थापा मारल्या तर एकाची जुळणारच. या वर्षी तो तू आहेस. थापा मारतोस हे मात्र मी ऐकलं नाही, बरं का!"

"सर, जर्नल परत मिळंल का? शेवटचा आकडा बदलायचा हाय."

"गठ्ठा बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. आणि सही झाल्यावर खाडाखोड केली तर नापास होशील. जा, अभ्यास कर."

सरांचं बरोबरच होतं. सिद्धरामनं स्वतःला तसं बजावलं आणि पुढच्या आठवड्याची वाट बघत बसला. पस्तिसाव्यात त्यानं शून्य लिहिलं होतं. शुक्रवारी टँकरपाशी दोघांत जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. ती इतकी रुतली की काढता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा पातं कपाळातच होतं. डॉक्टर म्हणाले, तासाभराचा सोबती. सिद्धराम दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसला. एका अनोळखी माणसाचं मरण त्यानं देवाकडे मागितलं, त्याला त्याची लाजही वाटली नाही. आज मेला तर आकडा चुकेल, आणि एकदा चुकला की सुटलो.

माणूस शुक्रवारी मेला नाही. शनिवारी कपाळात पातं घेऊन श्वास ओढत राहिला. सहाचा भोंगा झाला, तरी श्वास चालूच. रविवारी ऊन वर यायच्या आत तो गेला. रविवार म्हणजे छत्तिसावा आठवडा, आणि छत्तिसाव्यात सिद्धरामनं एक लिहिलेला होता.

४

ही गोष्ट त्यानं मन्मथला सांगितली. मन्मथ वर्गातला, जळकोटचा, वसतिगृहात राहणारा. साऱ्या वर्गाचे आकडे पाडून देण्यात पटाईत होता, तोंडाचा पट्टाही थांबायचा नाही.

"म्हंजे तू लिव्हतोस अन् जिल्हा कॉपी मारतो?" तो पोट धरून हसला. "मग लेका, एकदा पाऊस लिव्ह की!"

"हसायलास, पन अडतिसाव्यात एक हाय. अन् चाळिसाव्यात तीन."

"अरे, एवढ्या दुष्काळात एक मरनारच. कुनी मेलं न्हाई तर नवल." हे बोलणं सिद्धरामला फार पटलं. कुणीतरी हसलं की जीव हलका होतो.

सदतिसावा आठवडा कोरा गेला. अडतिसाव्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत कुणी मेलं नाही. शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या हापशावर, सगळ्या पोरांदेखत, मन्मथनं हापशाचा लोखंडी दांडा उपसला आणि सरजाबाई नावाच्या म्हातारीला ठार मारलं. ती वसतिगृहात भाकऱ्या थापायची. मन्मथला ती आपल्या वाटणीची चटणी द्यायची, त्याला लेका म्हणायची. मार चुकवायला तिनं हातांची ढाल केली होती, ते दोन्ही हात कोपरापासून उलटे वळले होते.

चौकीत सिद्धरामला पाच मिनिटं भेटू दिलं. मन्मथच्या नखांत अजून रक्त होतं.

"मन्या, मी तुला आकडा सांगितला म्हनून तर..."

"न्हाई रे. आकडा ध्यानातबी नव्हता." मन्मथ गजांना कपाळ लावून कुजबुजला. "म्हातारी घागर भरायली होती. मी मागं उभा होतो. तेवढ्यात माझ्या मागं कुनीतरी येऊन थांबलं. वळून पाह्यलं न्हाई मी. मोजायलं होतं ते, ओठातल्या ओठात. मोजता मोजता थांबलं. मग मला लई वंगाळ वाटायला लागलं सिद्या, असं वाटलं की एक कमी पडतोय अन् समदे माझ्यापाशी अडलेत. दांडा हातात कवा आला ते म्हाईत न्हाई. तू त्या चाळिसाव्या आठवड्यात घराबाहिर पडू नको. आक्काला बी सोडू नको."

५

परीक्षेनंतर जर्नलं परत मिळाली. सिद्धरामनं आपलं चुलीत घातलं. आक्का भाकरी थापत होती, तिच्या हातचं कव्हर जळताना पाहून तिला वाईट वाटलं.

"एवढं लिव्हलेलं कशाला जाळायलास रे?"

"चुकलं होतं आक्का."

"मग पुन्ना लिव्हायचं. जाळून का दुरुस्त हुतंय?"

पान जळालं, पण आकडे त्याला तोंडपाठ होते. एकोणचाळिसाव्या आठवड्यात तीन ठिकाणी कुऱ्हाडी चालल्या आणि कुणीही मेलं नाही. एकाची तीन बोटं तुटली, एकाचा कान गेला, एकाचं आतडं बाहेर येऊन परत आत शिवलं गेलं. सगळे जगले. नऊ आकडे जुळायची संभाव्यता पावणेसहा हजारांत एक अशी निघाली. त्यानंतर त्यानं गणित करणं सोडून दिलं.

चाळिसाव्या आठवड्याच्या मंगळवारी औसा रस्त्यावर टँकरच्या रांगेत दोन सख्खे भाऊ मेले, एकाच विळ्यानं. ज्ञानोबाकाकांनी भिंतीवरून सांगितलं, "दोन झाले बघ या खेपेला." म्हणजे उरला एक. दिवसाआड पहाटे तीनला आक्का आडावरच्या रांगेत उभी राहायची.

"आक्का, चार दिस शिरूरला जा."

"तिथं आडात पाली बी मेल्यात. तिथं जाऊन काय पिऊ?"

"मग रांगेत मी उभा ऱ्हातो."

"बायांच्या रांगेत? जोडे खाशील!" ती हसली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. तो हात त्याला सोडवेना. जगात त्याचं दुसरं होतं कोण?

६

शनिवारी पहाटे आक्का दोन घागरी घेऊन आली, सुखरूप. दोन दिवसांचं पाणी होतं ते. भाऊजी उदगीरलाच होते. दुपारी जेवून ती भिंतीला डोकं टेकून झोपली. सिद्धरामनं आतून कडी लावली, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीतून काकांच्या अंगणात फेकली. बाहेरचं कुणी आत यायला नको, आतलं कुणी बाहेर जायला नको.

मग त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली. शंकरप्पा काय वाईट होते? मन्मथ काय वाईट होता? त्यानं घरातलं लोखंड शोधलं. विळी, कोयता, पहार, उलथनं, एकेक करून सगळं खिडकीबाहेर टाकलं. मागून कुणी येऊन थांबू नये म्हणून भिंतीला पाठ लावून बसला. साडेचार झाले. पाच झाले. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

साडेपाच वाजून गेल्यावर त्याला ती व्याख्या आठवली. 'पाण्यावरून.' त्यानंच तर लिहिली होती, सुवाच्य अक्षरात! ज्या घरात पाणीच नाही त्या घरात पाण्यावरून कुणी कुणाला कसं मारील? घटनाच अशक्य, तर संभाव्यता शून्य. पहिल्या धड्यातलं गणित होतं हे. त्याला स्वतःचं डोकं कुरवाळावंसं वाटलं. त्यानं पाय न वाजवता दोन्ही घागरी न्हाणीत नेल्या आणि ओतल्या. पाणी तापलेल्या फरशीवर पसरलं, मोरीत गडगडलं आणि गेलं. माठातलं ओतलं. तांब्यातला घोट ओतला. घागरी पालथ्या घातल्या आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला.

त्या गडगडाटानं आक्का जागी झाली.

"सिदू, घागरी पालथ्या का हायत?"

"ओतलं आक्का. समदं ओतलं." तो आनंदानं सांगत होता. "आता भ्या न्हाई. पानीच न्हाई म्हनल्यावर पान्यावरून काय हुनार?"

"किती होतं?"

"दोन घागरी."

ती आता ओरडेल, चार थापडा मारील, असं त्याला वाटलं. ओरडायलाच हवं होतं तिनं. ती ओरडली नाही. न्हाणीत गेली, खाली वाकून ओल्या फरशीवर तळवा टेकला आणि तो तळवा जिभेला लावला. मग उठून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पावणेसहा," शिवकांता म्हणाली.

जन्माच्या सव्वीस वर्षांत आक्काला घड्याळ कधी कळलं नव्हतं. आणि मग त्याला सगळंच कळलं. या घरात सकाळपासून भांडायला पाण्याचं काही निमित्त नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं, अक्कल लढवून, आत्ताच तयार केलं होतं.

तो दाराकडे धावला. कुलूप हिसडलं, दार लाथांनी बडवलं. "काका! ज्ञानोबाकाका! किल्ली टाका आत! तुमच्या अंगनात पडलीया!"

"थांब रे बाबा," भिंतीपलीकडून आवाज आला. "वही उघडायलोय. सहाला रेघ मारतो अन् येतो."

पाट्यावर दगड घासल्याचा आवाज झाला. वरवंटा. लोखंड शोधता शोधता दगड त्याच्या ध्यानातच आला नव्हता. आक्कानं तो दोन्ही हातांनी उचलला होता. याच वरवंट्यानं ती त्याच्या आवडीची चटणी वाटायची. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पहाटे तीनपासूनचा शीण तेवढा होता. तिच्या मागं न्हाणीच्या अंधारात कुणीतरी उभं होतं. सिद्धरामला फक्त त्याचा हात दिसला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एक, दोन, आणि दुसऱ्या पेरावर येऊन थांबला होता.

"आक्का, मी सिदू हाय. तुझा सिदू."

"म्हाईत हाय की रे," ती मायेनं म्हणाली आणि जवळ आली. "एक कमी पडतोय."

भिंतीपलीकडे ज्ञानोबाकाकांनी लाल शाईच्या दौतीचं झाकण उघडलं.